रायफलीतला तांदूळ

कोणी नवी रायफल घेऊन आमच्या नेमबाजीच्या क्लबात आलं की काका आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरायचे. मालकाने ती पेटीतून काढावी, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागे ओढून रिकामी असल्याचं दाखवावं, तेव्हाच ते हात पुढे यायचे. मग ठरलेलं वाक्य यायचं, "सहा महिने काही बदलायचं नाही."

ही गोष्ट वेल्समधल्या कार्डिफची, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या मोठ्या रायफलींवर नुकतीच बंदी आली होती. त्या जातीतल्या छोट्या, पॉइंट टू-टू बोअरच्या, तेवढ्या उरल्या होत्या. त्यांचा प्रत्येक भाग सुटा करून दुसरा बसवता येतो, त्यामुळे नव्या मालकाचे हात शिवशिवतात. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, रायफल नसेल तर कॅमेऱ्याच्या किंवा सायकलच्या बाबतीत.

एक बसड्रायव्हर नव्या रायफलीला दुर्बीण, नळीखाली टेकवायचे दोन पाय, वेगळा दस्ता असं सगळं लावूनच आला. एकही गोळी मनासारखी लागेना.

"डॉक, व्हॉट एल्स डू आय नीड?" त्याने विचारलं.

"अ स्क्रूड्रायव्हर," काका म्हणाले. त्यांनी एकेक वस्तू उतरवून बिस्किटांच्या डब्यात ठेवली. "आता एका वेळी एकच परत लाव. आणि वहीत लिही."

सगळे त्यांना डॉक म्हणत. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. "मी डॉक्टर नाही गं," ते मला सांगत, "फोटोग्राफर आहे. गिऱ्हाइकाला हसायला सांगत नाही, एवढंच." रायफलीच्या कपाटाची किल्ली घरात कुणालाही सापडता कामा नये, असा नियम. "काकूंना माझ्या मनातलं सगळं कळतं, किल्ली सोडून."

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला होते. बाबा त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात बोलायची वेळ आली की मला वाटायचं, आपण चुकून इथे आलो आहोत. क्लबात चटईवर पालथं पडलं की तसं वाटत नसे. तिथे कोणी काही विचारत नाही. मला स्वतःची रायफल हवी होती. त्यासाठी पोलिसांकडे अर्ज, आणि अर्जावर क्लबच्या सेक्रेटरीची, म्हणजे काकांची, सही. महिनाभर ते "बघू" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "मंगळवारी माझ्यासमोर दहा शॉट मार. मग ठरवतो."

तो मंगळवार नेमका खंडेनवमीचा. सकाळी आईने शिलाई मशीनची आणि बाबांच्या पान्यांची पूजा केली आणि उरलेल्या हळदकुंकवाची, अक्षतांची पुडी माझ्या हातात दिली. "तुझ्या त्या बंदुकीला वाहा. परीक्षा आहे ना आज?"

क्लबची रायफल टेबलावर होती, रिकामी, बोल्ट उघडा. काका चहाकडे वळलेले. मी पटकन दस्त्याला हळदकुंकवाचं बोट टेकवलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, वरचं पुसून टाकलं.

दोन शॉट छान गेले. तिसऱ्याला बोल्ट अर्ध्यातच अडला. नळी टार्गेटकडेच ठेवून मी चापावरचं बोट काढलं, हात वर केला आणि तशीच पडून राहिले.

काकांनी रायफल रिकामी केली, टेबलावर नेली. चिमट्याने आतून काहीतरी काढून दिव्याखाली धरलं.

"तांदूळ?"

बसड्रायव्हर वाकून बघू लागला. "राइस, डॉक? यू हॅविंग युवर डिनर इन देअर?"

मला गप्प बसता आलं असतं. रायफल क्लबची होती, दिवसभर दहा जणांनी हाताळली होती. "काका, मीच," मी म्हटलं. "आज खंडेनवमी."

त्यांनी तो दाणा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हळदपण टाकलीस का आत?"

"नाही, दस्त्याला फक्त."

"नशीब. अगं, पूजा पेटीची करायची. बोल्ट उघडा असताना देवीलासुद्धा लांब उभं करायचं." आणि खिशातून पेन काढलं.

"पण काका, अहो, आठ शॉट राहिलेत."

"नेम सहा महिन्यांत कुणालाही येतो. अडल्यावर खेचाखेची न करता थांबलीस, आणि विचारायच्या आधी सांगितलंस. मला एवढंच बघायचं होतं." टेबल पुसून त्यांनी सही केली, तारीख घातली. नव्या मालकांसाठीच्या त्यांच्या सूचनांच्या कागदावर पुढच्या आठवड्यात एक ओळ वाढली, नो ग्रेन्स ऑफ एनी काइंड. बसड्रायव्हर सोडला तर वेल्श मंडळींना तिचा अर्थ कधीच लागला नाही.

निवृत्त झाल्यावर काका-काकू मिल्टन कीन्सला मुलीकडे गेले, आणि दोन हिवाळ्यांनंतर काका गेले. त्यांची सही असलेला माझा तो अर्ज पोलिसांच्या फायलीत राहिला. त्याची प्रत काढून ठेवायला हवी, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

पुढे माझ्या रायफलीच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. सेक्रेटरी नवे होते, मला ओळखत नव्हते. अर्ज उलटसुलट करत त्यांनी विचारलं, "हू टॉट यू?"

मी काकांचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं, पुढे काहीही न विचारता पेनाचं टोपण काढलं.