शाळेनं दिलेले पत्रे

माझी आई राजारामपुरीतल्या एका शाळेत शिपाई होती आणि मी त्याच शाळेत शिकत होते. माझी सातवी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, शाळेनं वर्गांवरचे सिमेंटचे जुने पत्रे उतरवले. मुख्याध्यापक आईला म्हणाले, "मावशी, चांगले पत्रे हायत. घरला न्या की."

आई भारावून गेली. बाबांनी ते पत्रे करवतीनं कापून आमच्या झोपायच्या खोलीवर बसवले. पांढरी भुकटी त्यांच्या मिशांत अडकली तेव्हा आम्ही हसलो. आईनं ती झाडून काढली आणि मुख्याध्यापकांना डबाभर लाडू नेऊन दिले.

गेल्या वर्षी दाखला आणायला शाळेत गेले. क्लार्क माझ्या वेळचेच होते. छत अजून छान आहे, असं मी म्हटल्यावर ते खुशीत सांगू लागले, "तू हितं हुतीस तवाच बदललं. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस. धूळ छातीत बसती, पुढं कॅन्सर हुतो, असं इंजिनिअरनं लिहून दिलतं. पोरांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून सुट्टीतच काढलं."

"आणि ते आम्हाला दिलेत?"

"फुकट दिलते की!"

बाबांना हल्ली जिन्यात दम लागतो. कशानं, ते डॉक्टर शोधतायत.

दाखला क्लार्कच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की त्या वर्षी मी याच शाळेत होते. म्हणजे ज्या पोरांच्या जिवाला ही माणसं जपत होती, त्यांत मीही होते. अकरा ते पाच.