१४२८५७वाला बाबू

सावली गावातल्या एका कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे आत पहिल्या टेबलावरचा बाबू मला रोज दिसतो. त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो आणि डोक्यात एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. समोर कोणी उभं राहिलं की कामाआधी हा आकडा निघतो.

"दोननं गुणा भाऊ, २८५७१४. तीननं गुणा, ४२८५७१. आकडे तेच सहा. कोनी गेला नाई, कोनी नवा आला नाई, नुसते जागा बदलून राह्यले. सहापर्यंत असंच. अन् सातनं गुणलं का सगळे नऊ."

सांगताना तो असा फुलतो, जणू आकडा त्यानंच मंजूर करून दिलाय.

परवा एक म्हातारी आली. नवऱ्याच्या मागे शेतावर, धानाच्या बांधीवर, तिचं नाव लागावं, हा तिचा अर्ज सहा टेबलं फिरून पुन्हा याच्याकडेच आला होता. यानं तो उलटा केला, पाठीवर सातही गुणाकार मांडून तिला समजावले आणि मग कागद सुलटा केला. शाई पुढच्या बाजूला उमटली होती.

"हा खराब झाला, बाई. नवा अर्ज आना."

म्हातारीनं कागद उलटून शेवटच्या, सगळ्या नऊंच्या ओळीवर बोट ठेवलं. "वरच्या साऱ्या ओळी माह्या अर्जावानी फिरून राह्यल्या, बाबू. सातव्यात सुटल्या. तं सातवं टेबल कुठी हाय?"

त्यानं खर्रा या गालातून त्या गालात नेला.

"इथी सहाच हायेत, बाई."