डब्याची कॅप्टन

प्रबोध निकम यांनी आयुष्याची सव्वीस वर्षं समुद्रावर काढली, पण समुद्र त्यांनी फारसा पाहिला नव्हता. ते जहाजावरचे इंजिनिअर, शेवटची अकरा वर्षं तर चीफ. त्यांची जागा जहाजाच्या पोटात, जिथे खिडकी नसते आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. वर ब्रिजवर कॅप्टन उभा असतो. समुद्र त्याला दिसतो, बंदर त्याला दिसतं, आणि तो खाली हुकूम पाठवतो. खालच्या माणसानं तो हुकूम आधी मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग पाळायचा. ‘स्लो अहेड’ आलं की ‘स्लो अहेड’. ‘स्टॉप इंजिन’ आलं की ‘स्टॉप इंजिन’. समोर काय आहे, कशासाठी थांबायचं, हे विचारायचं नाही. प्रबोधरावांना हे फार आवडायचं. निम्मी जबाबदारी वरच्या मजल्यावर राहते, असं ते म्हणत.

सुट्टीवर सिंगापुरात, बिशानच्या फ्लॅटमध्ये आले तरी व्यवस्था हीच. तिथली कॅप्टन त्यांची बायको, संजीवनी. ती रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अकाउंट्स बघायची, एकटीनं मुलीला, इराला, वाढवायची, फ्लॅटचे कागद, शाळेच्या मीटिंगा, सगळं तिच्याकडे. नवरा नऊ महिन्यांनी उगवला की ती त्याला कामं सांगे आणि तो मान डोलावून करी. ‘अहो, बिशानच्या नव्हे, थॉमसनच्या दुकानातून आणा पीठ.’ ‘थॉमसनच्या दुकानातून.’ इरा लहानपणी हसून लोळायची. तिला वाटायचं बाबा नक्कल करतात. बाबा नक्कल करत नव्हते.

२००३ साली प्रबोधरावांनी जहाज सोडलं आणि जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात किनाऱ्यावरची नोकरी धरली. दोन वर्षांनी त्या यार्डाच्या नोटीसबोर्डावर त्यांना एक चिठ्ठी दिसली. मायदेशी परत चाललेला एक अमेरिकन आपली बोट विकत होता. सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, वापरलेली. चिठ्ठीबरोबर फोटो होता: बोटीत उभा अमेरिकन, आणि त्याच्या हातात लांबलचक, चंदेरी, फुगीर पाठीचा मासा. खाली लिहिलं होतं, सी बास.

प्रबोधराव साताऱ्याचे. त्यांना सुरमई आणि पापलेट यांच्यातला फरक ताटात आल्यावरच कळायचा. त्यांनी फोटो घरी नेला तो इंजिन दाखवायला, चाळीस हॉर्सपॉवरचं, नीट ठेवलेलं. संजीवनीनं इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही.

“अहो, हा तर जिताडा!”

ती पेणची, खारेपाटातली. घरामागे तळं, तळ्यात वडिलांनी जिवापाड सांभाळलेले जिताडे, आणि जावई घरी आला की त्यातला सगळ्यात मोठा बाहेर. लग्नानंतर प्रबोधरावांनाही तो मिळाला होता. त्यांनी तो खाल्ला आणि ‘छान आहे सुरमई’ म्हणाले, हे सासुरवाडीत वीस वर्षं सांगितलं जात होतं. पंचवीस वर्षं सिंगापुरात राहून संजीवनीला ठाऊक नव्हतं की समोरच्या पाण्यात तिच्या बापाच्या तळ्यातला मासा फिरतोय. बोट घ्यायचं त्याच जेवणात ठरलं. ठरवलं अर्थातच वरच्या मजल्यानं.

बोट घेतली आणि पुंगोलच्या बाजूला गोह अंकल नावाच्या म्हाताऱ्याच्या बोटयार्डात ठेवली. खरं तर ती चुकीची बोट होती. ती तळ्यांसाठी बनवलेली, सपाट बुडाची, कडा अगदी बुटक्या. पुढे उभं राहून गळ टाकायला एक सपाट ओटा आणि त्यावर गोल फिरणारी खुर्ची, न्हाव्याच्या दुकानात शोभेल अशी. मधे मासे जिवंत ठेवायची टाकी. तळ्यात ती राणीसारखी चालत असेल, पण समुद्राच्या खाडीत मोठं जहाज जवळून गेलं की त्याच्या लाटांवर धाड धाड आपटायची आणि बसणाऱ्याचे दात वाजायचे. खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं, म्हणून दर वेळी परत आल्यावर तिला गोड्या पाण्यानं आंघोळ घालावी लागे. संजीवनीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘डबा’ ठेवलं आणि माशांच्या टाकीत थालीपीठं आणि चहाचा थर्मास ठेवला. पुढे कधीही त्या टाकीत दुसरं काही पडलं नाही.

पण बोट चालवायला लायसन लागतं. लेखी परीक्षा दोघांनीही दिली, दोघंही पास. प्रॅक्टिकलला प्रबोधराव शर्टाची इस्त्री कडक करून गेले. पन्नास हजार टनांच्या जहाजांची इंजिनं चालवलेला माणूस, सोळा फुटांच्या डब्याची काय कथा! परीक्षक शेजारी बसला आणि म्हणाला, जेट्टीला लावा. प्रबोधराव म्हणाले, “जेट्टीला लावतो,” आणि निघाले. जेट्टी जवळ आली. आणखी जवळ आली. प्रबोधराव अगदी सावध होते. हात थ्रॉटलच्या दांड्यावर, कान टवकारलेले, आता येईल हुकूम, आता येईल. बोट जेट्टीवर आदळली, परीक्षकाची टोपी पाण्यात गेली.

“तू थांबला का नाहीस?” त्यानं विचारलं.

“तुम्ही स्टॉप म्हणालात कुठे?” प्रबोधराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

त्याच दिवशी, त्याच बोटीवर, संजीवनी पहिल्या फटक्यात पास झाली. इरा तेव्हा लग्न होऊन मरीन परेडला राहायची. ती फोनवर किंचाळली, “आय्या बाबा, यू कान्ट सी द जेट्टी मेह? सो बिग, लाह!” प्रबोधराव आठवडाभर यार्डात कुणाला काही बोलले नाहीत. पुन्हा परीक्षेला बसायचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि तशी गरजही पडली नाही.

कारण जी व्यवस्था लागली ती त्यांच्या दृष्टीनं स्वर्ग होती. सुकाणूच्या चक्रापाशी संजीवनी. तिचे पाय आखूड म्हणून सीट पार पुढे ओढलेली. तिच्या उजव्या हाताला प्रबोधराव, हात दांड्यावर. ती पुढे बघायची, ते तिच्याकडे बघायचे.

“डेड स्लो अहेड.”

“डेड स्लो अहेड!”

“अहो, जरा हळू बोला, बगळे उडतात.”

शनिवारी सकाळी निघायचे, उबीन बेटाच्या अलीकडे मत्स्यशेतीचे तराफे आहेत त्यांच्या आसपास गळ टाकायचे, उन्हं चढली की परत. वर्षभरात संजीवनीला डब्याच्या खोडी पाठ झाल्या: लाट आली की तिला तोंड द्यायचं नाही, जरा तिरकं घ्यायचं, प्रवाह डावीकडून असला की जेट्टीच्या आधी पन्नास मीटरवर इंजिन थांबवायचं आणि बाकीचं काम पाण्याला करू द्यायचं. २००६ च्या पावसाळ्याआधी एकदा तिच्या गळाला जिताडा लागलाही. जेमतेम वीतभर. तिनं त्याला हातात धरून नीट बघितलं, डोळ्यांत पाणी आलं ते खारं वारं आहे म्हणून सांगितलं आणि त्याला सोडून दिलं. “मोठा होऊन ये,” म्हणाली. “मी आहे इथेच.”

ती नव्हती राहणार. २००७ च्या जानेवारीत पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेली ती स्वादुपिंडाचा कॅन्सर घेऊन परत आली. डॉक्टरांनी वर्षाची भाषा केली नाही, महिन्यांची केली. इरा माहेरी राहायला आली. बँकेचं काम सुटलं, स्वयंपाकघर सुटलं, मार्चमध्ये चक्र धरायची ताकद सुटली. एकच गोष्ट तिनं सोडली नाही.

“एकदा मला डब्यातून तिकडे घेऊन चला. तराफ्यांपाशी.”

“गोह अंकलना सांगू,” इरा म्हणाली. “ही कॅन ड्राइव्ह, आई. हीज गॉट लायसन.”

“गोह अंकल नको. आम्ही दोघंच. आणि चालवतील हे.”

प्रबोधराव परत परीक्षेला बसले. यावेळी त्यांनी ठरवलं होतं की हुकमाची वाट बघायची नाही. म्हणून ते इतक्या लवकर थांबले की बोट मधल्या मधे प्रवाहात तरंगत गेली आणि दुसऱ्याच्या नांगराच्या दोराला अडकली. नापास. पुढची तारीख मेमध्ये. घरी येऊन त्यांनी बूट काढले आणि दारातच बसून राहिले. आपल्यामुळे तिचं एवढंसं मागणं राहून जाणार, हेच त्यांना दिसत होतं.

संजीवनीनं दिवाणावरून हाक मारली. “जेवणाचं ताट आणा. आणि आमटीचा डाव.”

डाव्या हातात ताट, म्हणजे चक्र. उजव्या हातात डाव, म्हणजे थ्रॉटल. तिच्या दिवाणासमोर खुर्ची टाकून पंचावन्न वर्षांचा चीफ इंजिनिअर बसला, आणि रोज दुपारी तिला जरा बरं वाटेल तेवढा वेळ ही शाळा भरू लागली.

“समोर जेट्टी. शंभर मीटर. प्रवाह डावीकडून. सत्तर. काय दिसतंय?”

“तू दिसतेस.”

“वात्रटपणा नको. पन्नास. चाळीस.”

प्रबोधराव डाव धरून तिच्या ओठांकडे बघत राहायचे. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

“स्टॉप म्हण ना.”

“नाही म्हणणार. आपटली तुमची बोट. पुन्हा.”

पहिले काही दिवस दोघंही हसली. एकदा बोट सलग सहा वेळा आपटली तेव्हा प्रबोधरावांनी डाव जमिनीवर फेकला. “एकदा म्हटलंस तर काय बिघडेल तुझं? परीक्षेत मी मनात ऐकेन ते!”

“म्हणूनच म्हणत नाही,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता, तरी त्यात कॅप्टन होती. “अहो, आता वर कुणी नसणार आहे. तुम्हालाच बघायचंय पुढे काय आहे ते. मला तराफ्यांपर्यंत नेलं नाहीत तरी चालेल. पण हे यायलाच हवं तुम्हाला.”

तेव्हा त्यांना कळलं की बोटीतून जायचं मागणं तिनं कशासाठी केलं होतं. ते तिच्या पायांशी डोकं टेकवून रडले, इरा स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. मग संजीवनी म्हणाली, “उचला तो डाव. प्रवाह डावीकडून.”

मेमध्ये, एका मंगळवारी, प्रबोधराव पास झाले. परीक्षकानं बोट लावायला सांगितली, त्यांनी पाण्याकडे बघितलं, पन्नास मीटरवर इंजिन थांबवलं आणि बोट जाऊन जेट्टीला टेकली. शनिवारी जायचं ठरलं. इरानं थालीपीठं करायला घेतली, पुढच्या फिरत्या खुर्चीवर बांधायला उशा काढल्या. शुक्रवारी सकाळी संजीवनीला ताप चढला आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली.

शनिवारी सकाळी, डबा निघायच्या वेळेला, प्रबोधरावांनी हॉस्पिटलमध्ये लायसन तिच्या हातात ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

“फोटो तरी नीट काढायचात,” ती म्हणाली. “घाबरल्यासारखे दिसताय.”

“घाबरलोच आहे.”

तिनं त्यांच्या बोटांवर हात ठेवला. नवव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर लोक आपापल्या घरी गेले, इराही मरीन परेडला परतली. यार्डातून घरी, घरातून यार्डात, असे पाच आठवडे गेले. एका शनिवारी प्रबोधरावांनी थर्मास भरला, एमआरटीची ट्रेन आणि बस करून बोटयार्डात पोचले. गोह अंकल पेपर वाचत होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

“आंटी नेव्हर कम टुडे, आह?”

“नो,” प्रबोधराव म्हणाले. “टुडे ओन्ली मी.”

ते चक्रापाशी बसले तर गुडघे समोरच्या पत्र्यावर आपटले. सीट अजून तिच्या पायांच्या मापाची होती. ती मागे सरकवायची कळ त्यांच्या हाताशी होती. त्यांनी सरकवली नाही, गुडघे आवळून बसले आणि तसेच निघाले. तराफ्यांपाशी जाऊन त्यांनी एक कप चहा घेतला. गळ बाहेर काढला नाही. एक मोठं जहाज गेलं, लाटा आल्या, त्यांनी डबा जरा तिरका घेतला आणि दात वाजले नाहीत. हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून ते फार दुखलं.

परतताना जेट्टी दिसली. प्रवाह डावीकडून होता. शंभर मीटर, सत्तर, साठ. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं: जेट्टीवरचे जुने टायर, पाण्यावरचा तेलाचा तवंग, पेपरमागे बसलेले गोह अंकल. इतकी वर्षं ही जागा त्यांनी अशी पाहिलीच नव्हती, ते तिच्याकडे बघत असायचे.

“स्टॉप इंजिन,” पन्नास मीटरवर ते मोठ्यानं म्हणाले. हे शब्द आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मागून म्हटले होते. आधी म्हणायची ही पहिलीच वेळ. आणि सवयीनं ते थांबले, कारण हुकूम दिला की खालून कुणीतरी तो परत म्हणायचा असतो. उजव्या हाताची सीट रिकामी होती. चाळीस मीटर झाले.

“स्टॉप इंजिन,” प्रबोधराव स्वतःच म्हणाले, आणि त्यांनी दांडा मागे ओढला.