स्पीकर दुकानात, मी खोलीत

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात कुणाला काही 'दिसलं' की मी सरळ म्हणायचे, "आधी डोळे तपासून घे बाई." भूतबीत, करणी, अंगात येणं... माझा कधी विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही, माझ्यासोबत झालेलं आहे. ज्याला अर्थ लागेल त्यानं बेलाशक सांगावं.

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या शहरातल्या कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या, यांची बदली मात्र टळली होती, म्हणून साहेब खुश! हे म्हणजे माझे मिस्टर. नाव लिहीत नाही, मला सवय नाही. दिवसभर सरकारी कचेरीत क्लार्की, आणि घरी आले की गिटार. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ना, ती इलेक्ट्रिकवाली. रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर यांनी स्वतः बनवलेला. मित्राचा टेपरेकॉर्डर आणून मागच्या कोठीच्या खोलीत 'स्टुडिओ' काढला. आपलं वाजवणं टेप करून रेडिओवाल्यांना पाठवायचं, बस, एकच वेड.

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकी विटांनी बुजवली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराला आतून कापूस भरून ताडपत्री. आतली कडी रेकॉर्डिंगमध्ये खडखडते म्हणून तीसुद्धा काढून टाकली! बाहेरचा खटका मात्र दार लागलं की आपोआप बसायचा. मी म्हटलं, "अहो, आत कुणी अडकलं तर?" तर म्हणे, "तू आहेस ना उघडायला!"

आता भानगड अशी होती की ॲम्प्लिफायर पंधरा ओहमचा आणि स्पीकर कुठल्यातरी जुन्या रेडिओचा, तीन ओहमचा. जोरात वाजवलं की आवाज फाटायचा, ट्रान्सफॉर्मर तापायचा. "पत्रिका जुळल्याशिवाय संसार नाही व्हायचा यांचा," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "आपली तरी कुठे जुळलीये?" आणि एक गोष्ट यांनी माझ्याकडून घोकून घेतली होती — स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधी चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो.

त्या रविवारी दुपारी हे सायकलवर पार शहराच्या दुसऱ्या भागात, तुकोगंजला गेले, एका रेडिओ मिस्त्रीच्या दुकानात, स्पीकरचं जुळवून आणायला. पिशवीत काय नेलं ते मी पाहिलं नाही. वरच्या घरमालकीणबाई बेटम्याला लेकीकडे गेलेल्या. घरात मी आणि आमची छबी. नुकती रांगायला लागलेली, आणि एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ! तिला ओसरीत चटईवर ठेवलं, शेजारी सिगडीवर दूध तापत होतं. आता एवढ्यात येते म्हणून मी कोठीच्या खोलीत गोधडी आणायला गेले. दाराला वीट लावलेली होती. जाताना माझाच पाय तिला लागला, आणि मागे खट् झालं.

खरं सांगू? आधी मला हसूच आलं. मग सिगडी आठवली.

दार बडवलं, लाथा घातल्या, पण मूठ त्या कापसात नुसती रुतायची. ओरडले, तर आवाज तोंडाबाहेर पडतोय की नाही तेच कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरचं मला काहीच ऐकू येत नव्हतं. छबी रडतेय की खेळतेय, की सिगडीकडे निघालीये... काही म्हणजे काही नाही! दाराला कान लावून मी वेड्यासारखी नुसती उभी. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये. गुदमरायला झालं होतं, पण माझं मेलीचं काय, जीव सगळा त्या ओसरीत अडकलेला.

मग चाचपून दिवा लावला, तेव्हा ॲम्प्लिफायर दिसला. म्हटलं, पूर्ण आवाज सोडून वाजवते, गल्लीत कुणाला तरी ऐकू जाईल. चालू केला. व्हॉल्व्ह लाल झाले. त्याला जोडलेल्या गिटारच्या साऱ्या तारांवर हात मारला, पण साधी घरघरसुद्धा नाही. स्पीकरचं खोकं फिरवून मागून पाहिलं, तर आत नुसतं भोक! समोर कापड होतं म्हणून कळलं नव्हतं, हे स्पीकरच काढून घेऊन गेले होते. जळू दे ट्रान्सफॉर्मर, म्हटलं, बंद करायचंही भान नव्हतं. त्या गिटारवर पडून, तारा हातानं ओरबाडत मी ओरडले, "वसंत! वसंत, छबी!"

नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर मी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी कसं तोंडातून गेलं, मलाच माहीत नाही. किती वेळा ओरडले तेही नाही.

दार उघडलं तेव्हा हे समोर, घामानं निथळत, सायकल गल्लीतच टाकलेली. मी यांना ढकलून ओसरीत धावले. दुधाचा कोळसा झाला होता. छबी सिगडीच्या अगदी जवळ बसलेली, तोंडभर राख, आणि हात निखाऱ्याकडे चाललेला. उचललं तिला आणि अशी रडले, अशी रडले की विचारू नका. पोरगी मात्र हसत होती.

मग हे हळूच म्हणाले, "तू मला नावानं हाक मारलीस."

मी यांना काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी तो मिस्त्री स्वतः स्पीकर घेऊन आला. ओट्यावर ठेवला, पाणीही घेईना. "भिया, ये आप ही रखो. कुछ नहीं मिलाना मेरेको."

मी विचारलं, "आपने भी सुना?"

"भाभीजी, टेबल पे उल्टा पड़ा था, दोनों तार खुले। उसमें से आप बोलीं, 'वसंत, छबी।' पीछे गिटार झनझना रही थी। मैंने तो पलटके देखा, आप दुकान में खड़ी होंगी।"

छबीचा नवरा इंजिनीअर आहे. तो म्हणतो, "आई, गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारा पिकअप असतो, त्यात जवळून ओरडलेलं जाऊ शकतं." ठीक है, गेलं! पण छत्रीबागेतून तुकोगंजला कुठल्या तारेनं गेलं, ते सांग ना. आणि ट्रान्सफॉर्मर? यांनी ॲम्प्लिफायर बंद करतानाच तपासला. त्याला काहीही झालं नव्हतं, गरमसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी यांनी ते दारच बिजागऱ्यांसकट उखडलं. टेप पाठवायची राहिली ती राहिलीच. मी विषय काढला तर म्हणायचे, "जाऊ दे गं."

कारण मला आजही सापडलेलं नाही. पण एक विचार अजून झोपेतून उठवतो. त्या दिवशी स्पीकर खोलीतच असता, त्या खोक्यात, तर गिटार कितीही जोरात वाजली असती तरी बाहेर कुणाला ऐकू आली नसती. खोली इतकी पक्की केली होती यांनी.