जी-जी अण्णांची झील

अण्णा कधीच स्वतःहून बोलायला सुरुवात करत नसत. समोरच्याने वाक्य संपवत आणलं, की त्याचे शेवटचे दोन शब्द उचलायचे, एवढंच त्यांचं बोलणं. कुणी म्हणालं, "यंदा उसाला तोड उशिरा," की अण्णांचं "तोड उशिरा." आष्ट्यात सगळे त्यांना जी-जी अण्णा म्हणत. ते माझे चुलते.

ही सवय पोवाड्याची. शाहीर ओळ उंच नेऊन सोडतो. मागच्यांनी ती "जी जी रं जी" करत उचलायची आणि तेवढ्यात शाहिराने दम घ्यायचा. त्याला झील म्हणतात. अण्णा, हणमंतकाका आणि बाळूमामा हे तिघे आमच्या भागातल्या एका शाहिराचे झीलकरी. एरवी कुपवाडच्या एका कारखान्यात लोखंड ओतायचे. जेवणाच्या सुट्टीत भट्टीमागे उभे राहून आवाज जुळवायचे. तिथे ढोलकी कुठली? बाळूमामा तोंडानेच वाजवायचे. यंत्रांच्या वर जायचं म्हणून आमची पट्टी चढली, असं हणमंतकाका सांगत. तिघांचे गळे असे मिसळायचे, की कोणता कुणाचा हे मला घरची असूनही कळत नसे.

बारावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं वडिलांनी ठरवलं. सोप्यात बसून ते म्हणाले, "शिकली तेवढं बास झालं." अण्णा शेजारीच होते. आता "बास झालं" ऐकू येणार म्हणून मी दारामागे डोळे मिटून घेतले. अण्णा म्हणाले, "न्हाई दादा. शिकंल ती." वडील इतके चकित झाले, की वाद घालायचंच विसरले. आमच्या घरातली पहिली पदवी त्या वाक्यावर उभी आहे.

अशा माणसाचं नाव कुठेच नाही, याचा मला संताप येतो. शाहिराच्या पोवाड्यांचं रेकॉर्डिंग झालं, ते आजही गावोगावी स्पीकरवर लागतं. मोबाइलवर त्याखाली शाहिराचं नाव आहे, ढोलकीवाल्याचं आहे, चित्रं जोडणाऱ्याचंसुद्धा आहे. झीलकऱ्यांचं नाही. मी शाहिरांना फोन करून विचारलं, तर हसत म्हणाले, "आगं, मागं कोण ना कोण असतंच की."

पुढे सांगलीत शाहिरांचा सत्कार ठरला. पत्रिकेत पुन्हा तेच, 'शाहीर आणि साथीदार'. मी तिघांना बसवून सांगितलं, या वेळी झील द्यायची नाही. हणमंतकाका तयारच होते. अण्णाही म्हणाले, "द्यायची नाही." सत्काराच्या दिवशी शाहिरांनी ओळ वर नेली आणि सोडली. मागे शांतता. म्हाताऱ्याने एकट्याने ती ओढायचा प्रयत्न केला, दम तुटला, खोकला आला. आणि अण्णांची झील उठली. मग उरलेल्या दोघांचीही. टाळ्या शाहिरांना पडल्या.

परतताना मी अण्णांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो पडला तर पवाडा पडतो. पवाडा काय त्येच्या एकट्याचा हाय व्हय?" माझा राग मात्र गेला नाही, तो अजून आहे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शोकसभेला शाहीर आले, फोटोला हार घातला आणि अण्णांच्या आवडीची ओळ वर नेऊन सवयीने सोडून दिली. हणमंतकाकांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी उभी राहिले.

"मागं कोण ना कोण नव्हतं," मी शाहिरांकडे बघत म्हणाले. "मागं अण्णा होते."

मग हणमंतकाकांनी माझे शेवटचे दोन शब्द उचलले, "अण्णा होते." त्यांच्या पाठोपाठ बाळूमामांनी. पहिल्यांदाच मला दोघांचे आवाज वेगवेगळे ओळखू आले.