खाकी आली

चैतरामच्या अंगावर खाकी कोट मी चढवला, हे आधीच सांगून टाकतो. गावात अजून केशोरावांचं नाव घेतात, पण त्यांनी नुसतं कापड आणलं. चैतरामला तयार केलं ते मी.

नवेगाव बांधाला मी शाळामास्तर होतो आणि चैतराम जातीचा ढिवर. मासे धरायचा, तलावात शिंगाडा लावायचा, आणि कोणी बुडालं की हातातलं काम टाकून उडी घ्यायचा. हे काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं. कमरेला लंगोटी, डोक्याला पांढरं पागोटं, एवढाच त्याचा थाट. बुडणाऱ्याचे केस धरून ओढायचा, काठावर आणून पालथा घालायचा आणि शुद्धीवर आला की आधी त्याला शिव्या द्यायचा. "पोवता येत नाई तं पान्यात कायले मरून राहिला होतास?" शिव्या खाल्लेली माणसं दसऱ्याला त्याला सोनं द्यायला यायची.

अडतीस सालच्या शिवरात्रीला पलीकडच्या काठावरच्या महादेवाला माणसं चालली होती. डोंगा म्हणजे एका खोडात कोरलेली होडी, त्यात आठ माणसं पुरे. चढली पंधरा. चैतराम ओरडून ओरडून दमला. "तू कोण सांगणारा रे?" म्हणून लोकांनी त्याला बाजूला सारलं. मधे डोंगा उलटला. बारा काढले, तीन गेले. त्या तिघांना चैतरामनं काठावर शेजारी शेजारी ठेवलं आणि डोक्याचं पागोटं सोडून त्यांच्यावर पांघरलं.

मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनदारांचे, चिरंजीव केशोराव नागपूरला शिकून आले होते. ते म्हणाले, पथक काढू, पाच जणांना वर्दी देऊ, म्हणजे लोक ऐकतील. खाकी कोट, पितळी बटणं, टोपी, पायांना पट्ट्या. पाण्यातल्या माणसाला पायपट्ट्या कशाला, हे त्यांना विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. चैतराम मात्र अडून बसला.

"गुरुजी, खाकी तं नाकेदाराची," तो म्हणाला. "लोक भेतेत तिले."

"म्हणूनच घाल," मी म्हणालो. "भ्यायले तर ऐकतील."

राखीव जंगलाचा शिपाई म्हणजे नाकेदार. आमच्याकडे खाकी घालणारा तेवढाच. बायका सरपण आणायला जंगलात जायच्या, तो कुऱ्हाड हिसकायचा, मोळी हिसकायचा, कधी हातही धरायचा. झाडावरून कोणी "खाकी आली" म्हटलं की ज्याच्या हाती जे असेल ते फेकायचं आणि पळायचं, हे पोरींना चालता येऊ लागल्यापासून शिकवलेलं. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी शहाणपणा केला.

पुढची शिवरात्र आली आणि वर्दीनं काम केलं, हेही खरं. चैतरामनं नुसता हात वर केला की माणसं डोंग्यातून मुकाट्यानं उतरायची. त्या साली कोणी बुडालं नाही. तो खूश होता. रात्री कोट मला परत देताना त्यानं बटणं पुसून दिली. पाचही वर्द्या शाळेच्या कपाटात राहायच्या, घरी कोणी नेत नसे.

त्याच उन्हाळ्यात अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याची धाकटी बहीण रुख्मा माहेरी आली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासर चिचगडकडं. बापामागं चैतरामनंच तिला वाढवलं, पोहायला शिकवलं. ती माशासारखी पोहायची, याचा त्याला कोण अभिमान. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गावातल्या बायकांबरोबर पावसाळ्याचं सरपण आणायला डोंग्यानं पलीकडं गेली.

त्याच दिवशी कोणी साहेब आला होता, म्हणून बांधावरच्या बंगल्यापुढं पथकाची कवायत झाली. दुपारी ती संपली. चैतराम घामानं निथळत होता, कोट काढायला लागला.

"असू दे अंगात," मी म्हणालो. "आज घरी घालून जा. रुख्माला दाखव तरी."

तो लाजला. मग गुंड्या परत लावल्या.

आम्ही तलावाच्या पाळीवरून निघालो तोच वारं सुटलं. तलावाच्या मधोमध एक डोंगा येत होता, मोळ्यांनी कडेपर्यंत भरलेला, सहा बायका वर. चैतरामनं एक नजर टाकली आणि काठावरचा डोंगा ढकलला. मोळ्या आपल्या डोंग्यात घ्याव्या, भार कमी करावा, एवढंच त्याच्या मनात होतं. तो उभा राहून वल्हवत होता, हात हलवत होता, ओरडत होता. वारा त्याचं ओरडणं माझ्याकडं आणत होता, त्यांच्याकडं नाही.

त्यांना फक्त कोट दिसला, आणि जत्रेचा दिवस सोडला तर खाकी म्हणजे नाकेदारच. सहाही जणींनी एकदम मोळ्या फेकायला घेतल्या, एकाच बाजूनं, आणि डोंगा उलटला.

चैतरामनं कोटासकट उडी घेतली. पाच जणींना पालथ्या डोंग्याला धरवलं. सहावी रुख्मा. तिला मदतीची गरज नव्हती, ती पोहत होती. पण काठाकडं नाही, नाकेदारापासून लांब, कमळवेलीच्या दाटीकडं. तिथं पाय अडकला. चैतराम पोहोचला, त्यानं मागून तिचे केस धरले, "रुख्मे, मी आहो" म्हणाला. तिनं वळून न बघता तो हात पुढं ओढला आणि कडकडून चावा घेतला. हात सुटला. क्षणभरच सुटला.

वेल तोडून त्यानं तिला वर आणली तेव्हा उशीर झाला होता.

कोट त्यानं मला वाळवून, घडी करून आणून दिला. पुढच्या शिवरात्रीला केशोराव म्हणाले, जत्रेपुरती तरी घाल. तो म्हणाला, "नोको." लंगोटीवर उभा राहून त्यानं लोकांना हात जोडले, आणि लोकांनी ऐकलं नाही. एक म्हातारा गेला. आता यात कोण बरोबर ते तुम्ही ठरवा. मी ठरवायचं सोडलं.

तेव्हापासून पाण्यात उतरला की तो आधी स्वतःचं नाव ओरडायचा. "चैतराम आहो, चैतराम." मासे धरायला एकटा निघाला तरी ओरडायचा. नवखे हसायचे. गावातलं कोणी हसलं नाही.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात तो तापानं अंथरुणाला लागला, त्यातून उठला नाही. मी भेटायला गेलो. उजव्या हातावर दातांची खूण तशीच होती, अंगठ्याखाली, अर्ध्या चंद्रासारखी. तिच्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "गुरुजी, शेवटी तिनं मले ओळखलं असंल का?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. "ओळखलं असेल," मी म्हणालो. "तू हाक मारलीस ना. भावाचा आवाज होता."

त्यानं खुणेवरचं बोट उचललं.

"ओळखलं असतं तं चावली नसती," तो म्हणाला. आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं तो हात गोधडीखाली घेतला.