अंगणझोप

तोसेच्या घरात माणसांपेक्षा रेशीमअळ्यांचा मान मोठा. उबदार माडी त्यांची, माणसं आपली जिन्याखाली अंग चोरून. "पुढच्या जन्मी अळीच होतो, आई," असं तिचा मुलगा किहाची म्हणायचा. "हो की, खादाड तर आत्ताच आहेस," असं तोसे लगेच ऐकवायची.

कात टाकायला अळ्या चार वेळा झोपतात. तोने नावाच्या नदीच्या काठी या चारही झोपांना नावं आहेत, आणि ती कुठून आली हे तोसेइतकं रंगवून कोणी सांगत नसे. सावत्र आईने राजकन्येला आधी सिंहांच्या डोंगरावर सोडलं, मग ससाण्यांच्या डोंगरावर, मग ओसाड बेटावर. तिथूनही ती कोळ्याच्या नावेतून परत आली. शेवटी तिला अंगणात जिवंत पुरलं. पुढे मेल्यावर तीच रेशीमअळी झाली, म्हणून सिंहझोप, ससाणाझोप, नावझोप आणि अंगणझोप.

त्या वर्षीही पाला खुडता खुडता तिने सुनेला, शिनोला, गोष्ट सांगितली. "आणि काय गं, जमिनीतून उजेड फुटला! बापाने खणलं, तर पोर जिवंत..." इथे तिची जीभ अडली. वसंतातच शिनोचं तान्हं गेलं होतं. एवढ्या लहानग्याला गावच्या स्मशानात नेत नाहीत, म्हणून अंगणातल्या तुतीखालीच ठेवलं होतं. तोसेला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अळ्यांना अंगणझोप लागली. माडीवरची पाला खाण्याची कुरकुर थांबली आणि घर मुकं झालं. तोसे बाहेर आली, तर शिनो तुतीखाली कुदळ घेऊन उभी.

"आई, खाली कोणीतरी पाला खातंय."

"वेडी का काय! आण ती कुदळ इकडे."

"तुम्ही कान लावून बघा. नसेल तर नाही खणत."

तोसे गुडघे टेकून वाकली. मातीच्या आत, अगदी जवळ, बारीक कुरकुर चालली होती. तिने झटकन कान उचलला. खरं सांगितलं असतं तर सुनेने खणलं असतं, आणि जे हाती लागलं असतं ते कुठल्याच आईने बघू नये.

"काही नाही गं," ती म्हणाली. "चल, हातपाय धू."

अळ्या उठल्या, कोष झाले. पुढे शिनोला मुलंही झाली. आजी मात्र त्यांना गोष्ट नावेपर्यंतच सांगायची. "मग अंगणाचं काय?" पोरं विचारायची. "विसरले बाई!"

पण दर वर्षी अंगणझोप लागली, की तोसे तुतीखाली ओंजळभर कोवळा पाला ठेवायची. सकाळी नुसते देठ उरलेले असायचे. सून उठायच्या आत ती ते गोळा करून टाकायची.